जगाचा इतिहास आणि आपली प्रश्नपत्रिका

'मुद्रणकलेचा शोध कोणी लावला?' हा प्रश्न सामान्य ज्ञानाच्या परीक्षेत कधी ना कधी सोडवला नाही, असा विद्यार्थी विरळाच. समजा, त्याखाली चार पर्याय दिले आहेत : गटेनबर्ग, कॅक्स्टन, एडिसन आणि 'यांपैकी कोणीही नाही'. उत्तरसूचीत 'गटेनबर्ग' लिहिलेले असते. त्याप्रमाणे गुण दिले जातात आणि परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

आता वर्गात अशी एक मुलगी आहे असे धरू, की जिने या विषयावर थोडे अधिक वाचले आहे. चीनमध्ये लाकडी ठोकळ्यांवर अक्षरे कोरून पुस्तके छापत असत आणि तारीख असलेल्या उपलब्ध मुद्रित पुस्तकांपैकी सर्वांत जुने पुस्तक, 'वज्रसूत्र' हा बौद्ध ग्रंथ, इ.स. ८६८ मधील आहे हे तिला माहीत आहे. सुटे खिळे वापरण्याची युक्तीही चीनमधील बी शेंग याने १०४० च्या दशकात भाजलेल्या मातीच्या खिळ्यांनी केली होती. कोरियात १३७७ मध्ये धातूच्या खिळ्यांनी छापलेला 'जिकजी' हा ग्रंथ आजही उपलब्ध आहे. गटेनबर्गचे बायबल छापले गेले ते जर्मनीतील माइन्झ येथे, १४५५ च्या सुमारास. ही मुलगी प्रामाणिकपणे 'यांपैकी कोणीही नाही' या पर्यायावर खूण करते आणि तिचा गुण जातो. एवढेच वाक्य पाठ असलेल्या तिच्या मित्राला मात्र गुण मिळतो.

गटेनबर्गचे श्रेय यामुळे कमी होत नाही. एकसारखे खिळे भराभर ओतण्याचा साचा, धातूला धरून राहणारी तेलकट शाई आणि दाब देणारे यंत्र यांचा त्याने मेळ घातला. त्यातून युरोपात पुस्तकांचा पूर आला. गोव्यात १५५६ मध्ये आलेला भारतातील पहिला छापखाना त्याच परंपरेतला. दोष गटेनबर्गचा नाही, प्रश्नाचा आहे. जास्त जाणणाऱ्याला कमी गुण देणारा प्रश्न ज्ञान मोजत नाही. तो उत्तरसूचीशी जुळवून घेण्याची तयारी मोजतो. जगाच्या इतिहासावरील सामान्य ज्ञानाची चाचणी घेताना नेमके काय मोजायचे आणि ते कसे, याचा विचार या लेखात करू.

परीक्षा हे मापनाचे साधन

प्रयोगशाळेत आम्ही एखादे नवे उपकरण आणतो तेव्हा त्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. ते काहीही मोजायला दिले नसताना कोणता आकडा दाखवते, हे आधी पाहतो. वाण्याच्या तराजूत वजने ठेवण्यापूर्वी काटा मध्यावर आहे ना, हे आपण पाहतो, त्यातलाच हा प्रकार. प्रश्नपत्रिकेचा 'मोकळा काटा' कोठे असतो?

वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय आणि एकेक गुण, अशी चाचणी घेऊ. काहीच माहीत नसलेल्या विद्यार्थ्याने डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी पाच उत्तरे बरोबर येतील. पण सरासरी पाच याचा अर्थ प्रत्येकाला पाचच असा नव्हे. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के, म्हणजे ७ गुण हवे असतील, तर केवळ अंदाजाने ७ किंवा अधिक गुण मिळण्याची शक्यता सुमारे २१ टक्के येते. म्हणजे साठ जणांचा एक वर्ग काहीही न वाचता बसला, तर त्यातील बारा-तेरा जण उत्तीर्ण होतील. चुकीच्या उत्तराला गुण कापणे हा यावर एक उपाय आहे. पण त्यामुळे भित्री मुले माहीत असलेले उत्तरही सोडून देतात. यापेक्षा अंदाजाला वाव कमी असलेले प्रश्न विचारणे अधिक चांगले. असे प्रश्न इतिहासात भरपूर आहेत. त्यांच्याकडे आपण पुढे येऊ.

प्रश्नाचीच परीक्षा

विद्यार्थ्यांची परीक्षा झाल्यावर त्याच उत्तरपत्रिकांवरून प्रश्नांची परीक्षा घेता येते. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि तासाभराचा वेळ पुरतो.

उत्तरपत्रिका एकूण गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के उत्तरपत्रिका वेगळ्या काढा. (२७ टक्के हा आकडा सोयीचा का, हे ट्रुमन केली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये गणिताने दाखवले होते.) ५६ जणांच्या वर्गात दोन्ही गटांत १५-१५ उत्तरपत्रिका येतील. आता एकेक प्रश्न घेऊन, वरच्या गटात किती जणांचे उत्तर बरोबर आले आणि खालच्या गटात किती जणांचे, हे मोजा. दोन्हींची वजाबाकी करून तिला १५ ने भागले की त्या प्रश्नाची भेदकता मिळते.

समजा, एका प्रश्नाचे उत्तर वरच्या गटातील १२ आणि खालच्या गटातील ४ जणांनी बरोबर दिले. भेदकता ८ भागिले १५, म्हणजे ०.५३. हा प्रश्न चांगला. मुद्रणाच्या प्रश्नात वरच्या गटातील ५ आणि खालच्या गटातील १० जणांना गुण मिळाले असतील, तर भेदकता उणे ०.३३ येईल. गंमत अशी, की काठिण्य पातळी पाहिली तर दोन्ही प्रश्न जवळजवळ सारखेच दिसतात. पहिल्यात ३० पैकी १६ उत्तरे बरोबर, दुसऱ्यात १५. केवळ 'निम्म्या मुलांना आले' एवढेच पाहिले तर दुसऱ्या प्रश्नातील दोष कधीच लक्षात येणार नाही. भेदकता उणे आली की समजावे : एकतर उत्तरसूची चुकली आहे, किंवा प्रश्नाची भाषा संदिग्ध आहे, किंवा जाणत्या मुलांना प्रश्नकर्त्यापेक्षा अधिक माहिती आहे.

या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती विसरता कामा नये. 'वरचा गट' आपण त्याच प्रश्नपत्रिकेतील गुणांवरून ठरवतो. सगळेच प्रश्न पाठांतराचे असतील, तर पाठांतर करणारीच मुले वरच्या गटात जातील आणि प्रत्येक प्रश्नाची भेदकता उत्तम दिसेल. सगळ्या फूटपट्ट्या एकाच चुकीच्या पट्टीवरून आखल्या, तर त्या एकमेकींशी तंतोतंत जुळतीलच. म्हणून गणिताबरोबर विषयाचाही विचार करावा लागतो.

'पहिला कोण' या प्रश्नातील अडचण

सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत 'पहिला', 'सर्वांत जुना', 'जनक' अशा शब्दांचे प्रश्न फार असतात. 'शून्याचा शोध कोणी लावला?' हा त्यांतला आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. पुष्कळदा उत्तर 'आर्यभट' असे दिलेले असते.

या एका प्रश्नात निदान दोन प्रश्न दडलेले आहेत. संख्या लिहिताना रिकामी जागा दाखवणारे चिन्ह कोणी वापरले, हा पहिला. बाबिलोनियातील लेखनिक इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुमारास असे चिन्ह वापरत होते. मध्य अमेरिकेतील माया लोकांनीही कालगणनेसाठी शून्याचे चिन्ह स्वतंत्रपणे तयार केले होते. शून्य ही इतर संख्यांसारखीच एक संख्या मानून तिच्या बेरीज-वजाबाकीचे नियम कोणी लिहिले, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर ब्रह्मगुप्ताच्या इ.स. ६२८ च्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात सापडते. आर्यभटाच्या इ.स. ४९९ च्या सुमाराच्या ग्रंथात दशमान स्थानमूल्याची कल्पना आहे, पण शून्याचे चिन्ह नाही. ग्वाल्हेरच्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात मात्र २७० आणि ५० या संख्यांतील शून्ये आजच्यासारखी गोल कोरलेली दिसतात.

हे सर्व सांगितल्याने भारतीय गणिताचे मोठेपण कमी होत नाही, उलट ते नेमके कशात आहे हे कळते. 'कोणी लावला?' याऐवजी 'ब्रह्मगुप्ताने शून्याबाबत बाबिलोनियातील लेखनिकांपेक्षा कोणती वेगळी गोष्ट केली?' असे विचारले, तर उत्तर देणाऱ्याला विषय समजलेला असावा लागतो.

तारखा येतात कोठून?

'मग सनावळी विचारायचीच नाही का?' असा प्रश्न येथे कोणी विचारील. सनावळी हवीच. पण ती कशी तयार झाली हे पाहिले, की प्रश्न कसे विचारावेत याचीही दिशा मिळते.

सम्राट अशोकाचे उदाहरण घेऊ. अशोकाच्या एकाही लेखावर इसवी सनाचे वर्ष असणे शक्य नाही. 'राज्याभिषेकाला अमुक वर्षे झाली असता' एवढेच त्यात असते. जेम्स प्रिन्सेप याने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी वाचल्यावर हे लेख बोलू लागले. तेराव्या शिलालेखात कलिंगच्या युद्धाबद्दल पश्चात्ताप व्यक्त केल्यावर अशोक पश्चिमेकडील पाच राजांची नावे घेतो : अंतियोक, तुरमय, अंतिकिनि, मक आणि अलिकसुदर. हे सीरियाचा दुसरा अँटायोकस, इजिप्तचा दुसरा टॉलेमी, मॅसिडोनियाचा अँटिगोनस, सायरीनीचा मॅगस आणि अलेक्झांडर नावाचा एक राजा. (हा अलेक्झांडर एपिरसचा की कॉरिंथचा, याबद्दल मतभेद आहेत. जगज्जेता अलेक्झांडर मात्र त्यापूर्वी सुमारे सत्तर वर्षे मरण पावला होता.) या राजांच्या कारकिर्दी ग्रीक साधनांवरून माहीत आहेत. दुसरा अँटायोकस इ.स.पू. २६१ मध्ये गादीवर आला आणि मॅगस सुमारे इ.स.पू. २५० मध्ये वारला. हे पाचही जण राज्य करीत असल्याची खबर अशोकाकडे होती, त्या अर्थी लेखातील मजकूर या मधल्या काळातला. तेथून मागे मोजत गेले की अशोकाचा राज्याभिषेक इ.स.पू. २६८ च्या सुमारास येतो. विल्यम जोन्स याने १७९३ मध्ये ग्रीक ग्रंथांतील 'सँड्रोकॉटस' म्हणजेच चंद्रगुप्त मौर्य, हे ओळखून दाखवले होते. त्या ओळखीला या लेखाने बळकटी आली आणि प्राचीन भारताच्या कालगणनेला एक पक्का खुंटा मिळाला.

याचा अर्थ असा, की अशोकाची तारीख मुळात 'कोणाच्या काळी कोण' या प्रश्नाच्या उत्तरातून निघाली आहे. समकालीनता ही इतिहासाची शोभेची बाब नव्हे, त्याचा पाया आहे. अशोकाचे लेख सोपाऱ्यालाही होते. आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे तेथे सापडले आहेत. कोकणातील शाळेला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही.

इतिहासाला विज्ञानाचीही मदत होते. असिरियाच्या वर्षयादीत एका वर्षी सूर्यग्रहण झाल्याची नोंद आहे. गणिताने ते ग्रहण १५ जून इ.स.पू. ७६३ चे ठरते आणि त्यामुळे ती संपूर्ण यादी आपल्या कालगणनेशी जोडता येते. कार्बन-१४ ची पद्धत विलर्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा ती आधी तपासली कशावर? वय अगोदरच माहीत असलेल्या, इजिप्तच्या राजांच्या थडग्यांमधील लाकडावर. इतिहासाने विज्ञानाचे उपकरण तपासून दिले आणि त्या उपकरणाने पुढे लेखी पुरावा नसलेल्या काळाचे वय सांगितले.

म्हणून प्रश्नपत्रिकेत एक तरी प्रश्न 'हे आपल्याला कसे कळले?' असा असावा.

क्रमाला गुण कसे द्यावेत?

वर्षे विसरली तरी क्रम लक्षात राहावा, अशी अपेक्षा योग्य आहे. पुढील पाच वास्तू कालक्रमाने लावायला सांगू : माचू पिचू, वेरूळचे कैलास लेणे, गिझाचा मोठा पिरॅमिड, अंगकोर वाट आणि चीनच्या पहिल्या सम्राटाचे मातीचे सैन्य.

क्रम असा : पिरॅमिड (सुमारे इ.स.पू. २५६०), मातीचे सैन्य (इ.स.पू. २१० च्या सुमारास), कैलास लेणे (इ.स. आठवे शतक), अंगकोर वाट (बाराव्या शतकाचा पूर्वार्ध) आणि माचू पिचू (पंधरावे शतक). पाच गोष्टी १२० प्रकारे लावता येतात, म्हणून केवळ अंदाजाने संपूर्ण क्रम बरोबर येण्याची शक्यता १२० मध्ये एक एवढीच आहे.

गुण देताना मात्र काळजी घ्यावी लागते. माचू पिचू हे फार प्राचीन असावे असे पुष्कळांना वाटते. समजा, एका विद्यार्थ्याने ते सर्वांत आधी लिहिले आणि बाकी चार बरोबर क्रमाने लावले. 'प्रत्येक जागेला एक गुण' या पद्धतीने त्याला शून्य मिळेल, कारण एक गोष्ट पुढे आल्याने बाकी सर्व एकेक घर मागे सरकले आणि पाचही जागा चुकल्या! प्रत्यक्षात त्याची चूक एकच आहे.

यावर सोपा उपाय म्हणजे जोड्या मोजणे. पाच गोष्टींच्या १० जोड्या होतात. प्रत्येक जोडीत आधीची गोष्ट आधी आली आहे का, एवढेच पाहायचे. वरील विद्यार्थ्याच्या ६ जोड्या बरोबर आणि ४ चूक. दुसऱ्या कोणी फक्त अंगकोर वाट आणि माचू पिचू यांची अदलाबदल केली असेल, तर त्याच्या ९ बरोबर आणि १ चूक. बरोबरमधून चूक वजा करून १० ने भागले, की पहिल्याला ०.२ आणि दुसऱ्याला ०.८ मिळतात. पूर्ण बरोबर क्रमाला १, पूर्ण उलट्याला उणे १ आणि नुसत्या अंदाजाला सरासरी शून्य. म्हणजे या तराजूचा मोकळा काटा आपोआप मध्यावर येतो. मॉरिस केंडाल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने हे माप १९३८ मध्ये मांडले. गणिताच्या शिक्षकांनी नववी-दहावीच्या मुलांकडूनच अशा जोड्या मोजून घेतल्या, तर एका दगडात दोन पक्षी मारले जातील.

काळाचे अंतर

क्रम कळला तरी अंतर कळलेच असे नाही. 'प्राचीन इजिप्त' म्हटले की पिरॅमिड आणि क्लिओपात्रा एकाच चित्रात उभ्या राहतात. क्लिओपात्रा इ.स.पू. ३० मध्ये मरण पावली. मोठा पिरॅमिड तेव्हा सुमारे २५३० वर्षे जुना होता. तिच्या मृत्यूपासून माणूस चंद्रावर उतरला त्या १९६९ पर्यंतचे अंतर किती? ३० आणि १९६९ यांची बेरीज १९९९ होते, पण उत्तर १९९८ आहे. इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. खगोलशास्त्रज्ञ गणिताच्या सोयीसाठी शून्य वर्ष धरतात, म्हणून इ.स.पू. ७६३ हे त्यांच्या गणनेत उणे ७६२ होते. क्लिओपात्रा पिरॅमिडच्या उभारणीपेक्षा चांद्रयानाला अधिक जवळ आहे, हे कळले की 'प्राचीन' या एका शब्दात आपण किती काळ कोंबतो ते ध्यानात येते.

एकाच वेळी कोठे काय?

आता समकालीनतेचे प्रश्न. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला, तेव्हा न्यूझीलंडमध्ये कोणती भाषा बोलली जात असे? उत्तर : कोणतीच नाही. आजच्या पुराव्यांनुसार तेथे माणूस पोचला तो तेराव्या शतकात. पॉलिनेशियन दर्यावर्दींच्या नावांतून उंदीरही गेले. त्या उंदरांची हाडे आणि त्यांनी कुरतडलेल्या बिया यांचे कार्बन-मापन करून हे ठरवता आले.

वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात (सुमारे ७५६ ते ७७३) खोदले जात होते, तेव्हा खलिफा अल्-मन्सूर याने ७६२ मध्ये बगदाद शहराची पायाभरणी केली. इकडे डोंगर वरून खाली कोरून मंदिर काढत होते, तिकडे सपाटीवर गोल नगर उभे राहत होते.

पण दोन गोष्टी एकाच काळातल्या आहेत, म्हणून त्यांचा परस्परसंबंध होता असे मानू नये. भास्कराचार्य आणि पॉलिनेशियन दर्यावर्दी यांचा काही संबंध नव्हता. सातवाहनकालीन पैठण आणि रोमन साम्राज्य यांचा मात्र होता. पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तिकेत पैठणहून गोमेद आणि तगरहून, म्हणजे आजच्या तेरहून, कापड भडोचच्या बंदरात गाड्यांनी येते असे नमूद केले आहे. म्हणून समकालीनतेच्या प्रश्नाला एक जोडप्रश्न असावा : 'यांचा संबंध होता का? पुरावा कोणता?'

असू शकेल का?

पाठांतरावर अवलंबून नसलेला आणखी एक प्रकार म्हणजे शक्याशक्यतेचे प्रश्न. पहिल्या शिलालेखात अशोक सांगतो, की पूर्वी राजाच्या स्वयंपाकघरासाठी हजारो प्राणी मारले जात, आता फक्त दोन मोर आणि एक हरिण मारले जाते. आपला प्रश्न असा : त्या स्वयंपाकघरात तिखटपणासाठी मिरची वापरत असतील का?

मिरची मूळची अमेरिकेतली. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेला पोचला आणि वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला. त्यानंतर पोर्तुगीजांमार्फत ती आपल्याकडे आली. तेव्हा अशोकाच्या आचाऱ्याजवळ मिरी, पिंपळी आणि आले असेल, मिरची नाही. हीच कसोटी आपल्या उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीला लावून पाहावी. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कसावाच्या कंदापासून होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची हे चारही पदार्थ अमेरिकेतून आलेले आहेत. तूप आणि जिरे तेवढे जुने. या प्रश्नाचे उत्तर देताना विद्यार्थ्याला भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि इतिहास एकत्र आणावे लागतात.

नकाशातील रिकाम्या जागा

प्रश्नपत्रिका काढण्यापूर्वी संविधान तक्ता करण्याची आपल्याला सवय आहे. सामान्य ज्ञानाच्या चाचणीसाठीही तो करावा. आडवे चार काळ घ्या : इ.स.पू. ५०० पूर्वी, इ.स.पू. ५०० ते इ.स. ५००, तेथून १५०० पर्यंत आणि १५०० नंतर. उभे सहा प्रदेश घ्या : दक्षिण आशिया, पश्चिम आशिया, पूर्व व आग्नेय आशिया, युरोप, आफ्रिका, अमेरिका व पॅसिफिक. असे २४ चौकोन होतात. आपला जुना प्रश्नसंच घेऊन एकेक प्रश्न त्याच्या चौकोनात टाकत जा. कोणत्या चौकोनांत गर्दी होते आणि कोणते रिकामे राहतात, हे पाच मिनिटांत दिसेल.

रिकाम्या चौकोनांसाठी प्रश्न शोधणे अवघड नाही. पश्चिम आफ्रिकेतील माली साम्राज्याचा राजा मन्सा मूसा १३२४ मध्ये हज यात्रेला निघाला. वाटेत कैरोमध्ये त्याने इतके सोने वाटले, की तेथे सोन्याचा भाव उतरल्याचे अरब लेखकांनी लिहून ठेवले आहे. पुढे १३७५ च्या एका युरोपीय नकाशात हातात सोन्याचा गोळा घेतलेला मालीचा राजा काढलेला दिसतो. 'नकाशा काढणाऱ्याला हे चित्र का काढावेसे वाटले असेल?' हा सुंदर प्रश्न होईल. दक्षिण अमेरिकेतील इंका राजवटीत लिपी नव्हती, तरी दोऱ्यांना गाठी मारून जमाखर्च ठेवत. गाठींच्या जागा एकक, दशक, शतक अशा असत आणि गाठ नसलेली जागा म्हणजे शून्य. मघाच्या शून्याच्या प्रश्नाला येथे आणखी एक धागा जोडला जातो.

रिकाम्या चौकोनाचा परिणाम एका गुणापुरता राहत नाही. ज्या प्रदेशावर कधीच प्रश्न येत नाही, त्या प्रदेशात काही घडलेच नाही असे मूल समजू लागते. सगळे शोध युरोपातच लागले असे समजणारी मुले आणि सगळे आपल्याकडेच लागले असे समजणारी मुले, दोघेही एकाच प्रकारच्या प्रश्नपत्रिकेतून तयार होतात.

वर्गात करून पाहण्यासाठी

खाली सहा प्रश्नांची एक छोटी चाचणी देत आहोत. पुस्तके बंद, वेळ अर्धा तास.

१. सुमारे ४५०० वर्षांपूर्वी गिझाचे पिरॅमिड उभे राहत असताना पृथ्वीवर कोठे तरी जिवंत मॅमथ होते का?
२. कालक्रमाने लावा : ब्रह्मगुप्ताचा ग्रंथ, 'वज्रसूत्रा'चे मुद्रण, चीनच्या पहिल्या सम्राटाचे मातीचे सैन्य, वास्को द गामाचे कालिकतला आगमन, मन्सा मूसाची हज यात्रा.
३. इ.स.पू. ४४ पासून इ.स. ४४ पर्यंत किती वर्षे होतात?
४. अशोकाच्या लेखावर इसवी सन नाही. तरी त्याचा काळ कसा ठरला, ते चार वाक्यांत लिहा.
५. सातवाहन राजा आणि इंका राजा यांची भेट का होऊ शकली नसती? दोन कारणे द्या.
६. 'मुद्रणकलेचा शोध कोणी लावला?' या प्रश्नात काय दोष आहे? तो दुरुस्त करून लिहा.

उत्तरे थोडक्यात अशी. (१) होय; सायबेरियाच्या उत्तरेकडील रँगल बेटावर मॅमथ सुमारे ४००० वर्षांपूर्वीपर्यंत तग धरून होते. (२) मातीचे सैन्य, ब्रह्मगुप्त, 'वज्रसूत्र', मन्सा मूसा, वास्को द गामा. (३) ८७. (४) पाच ग्रीक राजांचा समकालीन उल्लेख. (५) इंका साम्राज्य पंधराव्या शतकात वाढले, तेव्हा सातवाहनांना जाऊन हजाराहून अधिक वर्षे झाली होती. शिवाय १४९२ पूर्वी भारत आणि दक्षिण अमेरिका यांच्यात दळणवळण नव्हते. (६) या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. विद्यार्थी जो प्रश्न नव्याने लिहील तो वाचण्यासारखा असतो.

दुसऱ्या प्रश्नाला जोड्यांच्या पद्धतीने गुण द्या. पाठ्यपुस्तकांतील वर्षे नेहमी पाठ असणारी मुले आणि ती कधीच पाठ नसणारी मुले या चाचणीत त्याच क्रमाने येतात का, हे आवर्जून पाहा. नंतर भेदकता काढा. एखाद्या प्रश्नाची भेदकता उणे आली, तर तो लगेच वगळू नका. वरच्या गटातील ज्या मुलांचे उत्तर 'चुकले', त्यांना बोलावून त्यांनी काय विचार केला ते विचारा. गुण बदलायचे की उत्तरसूची, ते त्यांचे म्हणणे ऐकून ठरवावे.